पुढची ओळ

मोडीच्या वर्गात पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर डावीकडून उजवीकडे एक लांब आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "आधी रेघ, मग अक्षरं." देवनागरीत आपण शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत सबंध ओळीची रेघ आधी आखायची आणि अक्षरं तिच्याखाली टांगत जायची, बोरू शक्यतो न उचलता. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुतेक ठिकाणी पाळलेला नाही. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. मी विचारलं, "आणि अक्षर लागलंच नाही तर?" सर म्हणाले, "अडून बसू नका. अंदाज करा आणि पुढची ओळ वाचा. चुकला असाल तर ती सांगेल."

मी मोडी शिकायला गेले ती एका पेटीमुळे. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी माझं आजोळ. ते घर विकायचं ठरलं तेव्हा माळ्यावरून एक शिसवी पेटी खाली उतरवली. आत लाल खारव्यात बांधलेले तीन रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचे गठ्ठे, होते. मामा म्हणाला, "तुला वाचायचं वेड. ने तूच. इथे ठेवले तर वाळवीच खाणार." मी नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. रुमाल घरी आणले आणि महिनाभर नुसते बघत बसले. आपल्याच माणसांनी आपल्याच भाषेत लिहिलेलं, आणि आपल्याला एक अक्षर लागत नाही, याचं फार वाईट वाटलं.

तिसऱ्या महिन्यात मला पहिला सलग कागद लागला. घरखर्चाचा हिशोब होता. तूप, गूळ, दिव्याचं तेल, देवाचं वस्त्र. रुपयाच्या पावकीसाठी एक उभी रेघ, निम्म्यासाठी दोन, पाऊण रुपयासाठी तीन. दिवाळीच्या कापडांच्या यादीत एक ओळ होती: गोदूस परकर १. आणि त्या ओळीवर काट मारलेली.

त्या काटेकडे मी बराच वेळ पाहत राहिले. गोदू म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोर असणार. दिवाळीचं कापड यादीत लिहिलं आणि मग खोडलं, म्हणजे मधल्या दिवसांत काहीतरी झालं. देवीची साथ असेल. यादी लिहिणाऱ्या बापानंच पुन्हा बोरू उचलून ती काट मारली असेल. अर्ध्या तासात माझ्या मनात ती मुलगी, तो बाप, त्या वर्षीची अंधारी दिवाळी असं सगळं उभं राहिलं, आणि खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं. मग सरांचं बोलणं आठवलं आणि मी पुढे वाचायला घेतलं. दोन बंद उलटल्यावर लिहिलं होतं: गोदूचा परकर यमूस दिल्हा. गोदूस लुगडे १.

गोदू गेली नव्हती. मोठी झाली होती.

त्या दिवसापासून मी लहानपणापासून वाचलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा नव्यानं विचार करू लागले. जुना कागद वाचतानाही कल्पना लागतेच, ती टाळता येत नाही. पण कागद वाचणाऱ्याचा अंदाज चुकला तर पुढची ओळ त्याचा कान धरते. कादंबरीकार लिहायला बसतो तो नेमका पुढची ओळ संपते तिथे. त्याचा कान धरायला कुणी नाही. अशा जागी तो कसा वागतो, यावरच या वाङ्मयप्रकाराची सगळी प्रतिष्ठा अवलंबून आहे, असं मला वाटतं.

रणजित देसाईंची 'स्वामी' मी पहिल्यांदा वाचली ती याच आजोळी, आणि मोठ्यानं वाचली. आजीला मोतीबिंदू झालेला. दुपारी ओसरीवर ती शेंगा फोडत बसायची आणि मी वाचायचे. थेऊरचा शेवटचा भाग, माधवराव पेशव्यांमागे रमाबाई सती जातात तो, आला तेव्हा शेंगांचा आवाज थांबला. आजी म्हणाली, "हे खरंच झालं का गं?"

"हो, इतिहासात आहे."

"ते असेल. पण ती असं बोलली असेल का?"

"लेखकानं लिहिलंय तसं."

"त्याला कुणी सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "बोलली असेल. तेवढ्या पोरीला दुसरं काय सुचणार? वाच पुढं."

आजीचे हे प्रश्न मी नंतर अनेक जाडजूड समीक्षाग्रंथांत पाहिले, पण इतके मोकळे नाहीत. झालं का, कुणी सांगितलं, आणि सांगितलं नसेल तरी तसं असेल का. ऐतिहासिक कादंबरीचा वाचक हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी धरून बसलेला असतो. सामाजिक कादंबरी वाचताना पहिले दोन विचारावेच लागत नाहीत. इतिहासाचं पुस्तक वाचताना तिसऱ्याची गरज पडत नाही.

मराठीत या लेखनाचं मूळ शोधायला गेलं तर कादंबरीच्या आधी बखर लागते. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला शिवचरित्र लिहिलं ते १६९७ च्या सुमारास, महाराज जाऊन सतरा वर्षं झाली असताना. इतिहासकार बखरींवर रागावतात, कारण त्यांत आकडे फुगलेले असतात, क्रम चुकलेला असतो आणि देव-भवानी मध्ये येऊन बोलतात. ते बरोबरच आहे. पण 'भाऊसाहेबांची बखर' वाचावी आणि मराठी गद्य कसं पळतं ते पाहावं. प्रसंग रंगवून सांगायचा, माणसांना बोलतं करायचं, त्यांच्या तोंडी त्यांच्या वजनाची भाषा द्यायची, हे सगळं तिथे आहे. पानिपतचा निकाल दक्षिणेत कळला तो सावकारी पत्रातून, असं सांगतात: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्यं म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं ते सरळ लिहिण्याची छाती कुणाला झाली नाही, म्हणून हुंडी-हिशोबाच्या भाषेत लिहिलं. एवढ्या दुःखाला आपल्या धंद्याचे शब्द पुरवणारा तो सावकार मला एखाद्या लेखकापेक्षा कमी वाटत नाही.

छापील कादंबरी आली ती १८७१ मध्ये, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड'. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. युरोपात या प्रकाराची सुरुवात वॉल्टर स्कॉटच्या 'वेव्हर्ली'पासून, म्हणजे १८१४ पासून धरतात. स्कॉटनं त्या कादंबरीला जोडनावच दिलं होतं, साठ वर्षांपूर्वीची गोष्ट अशा अर्थाचं. आजोबांच्या आठवणीत आहे पण आता निसटू लागलं आहे, असं अंतर त्यानं निवडलं. गुंजीकर लिहीत होते तेव्हा पेशवाई बुडून त्रेपन्न वर्षं झाली होती. शनिवारवाड्यावरचं निशाण उतरताना पाहिलेली माणसं तेव्हाही कुठे कुठे हयात असतील. तरी गुंजीकर त्या काळाकडे गेले नाहीत. त्याच्या पलीकडे उडी मारून शिवकाळात गेले. कारण मला समजतं. नुकतंच सगळं गमावलेल्या माणसाला गमावल्याची गोष्ट ऐकवत नाही, उभं राहिल्याची ऐकावीशी वाटते.

हरि नारायण आपट्यांचंही तेच. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून हप्त्याहप्त्यानं ऐतिहासिक कादंबऱ्या दिल्या. 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला', आणि पुढे विजयनगरच्या शेवटावरची 'वज्राघात'. ज्या हातानं 'पण लक्षात कोण घेतो?' लिहून विधवेचं दुःख मांडलं, त्याच हातानं हे लिहिलं. आता इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हरिभाऊ 'उषःकाल' लिहीत होते तेव्हा इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंडसुद्धा निघाला नव्हता. तो निघाला १८९८ मध्ये. हरिभाऊंसमोर ग्रँट डफचा इतिहास होता, पोवाडे होते, १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रहा'नं छापलेल्या बखरी आणि काही पत्रं होती. बाकी सगळं अजून लोकांच्या पेट्यांत, माळ्यांवर आणि वाण्याच्या पुड्यांत होतं. म्हणजे आपल्याकडे कादंबरी आधी आली आणि कागद मागून आले. लोकांच्या मनात शिवकाळाचं चित्र उमटलं ते कादंबरीकारांनी काढलेलं, आणि मग राजवाडे गावोगाव फिरून, दारोदार हात पसरून जे कागद जमवत होते त्यांना त्या चित्राच्या शेजारी जागा शोधावी लागली. मराठी वाचक आजही इतिहास आणि कादंबरी यांत गल्लत करतो असं म्हणतात. त्याचं मूळ या क्रमात आहे, वाचकाच्या आळसात नाही.

नाथमाधव, वि. वा. हडप यांच्यावर इथे थांबत नाही. त्यांच्या मालिकांनी वाचनालयांची कपाटं भरली आणि कित्येक घरांत वाचनाची सवय लावली, तेवढं ऋण मान्य करते. गो. नी. दांडेकरांचं मात्र एक वेगळेपण आहे. त्यांना गड पायांखालचे माहीत होते. कुठल्या माचीवर वारा कुठून येतो, पावसाळ्यात कडा कसा निसरडा होतो, हे त्यांच्या लिखाणात पुस्तकातून आलेलं नाही.

आणि इथेच मला त्या उंदराकडे यायचं आहे.

१६७३ च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांचं एक पत्र चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना गेलं आहे. पावसाळ्याची बेगमी हा विषय. दाणागवत जपून वापरा, आत्ता उधळलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे. आणि मग येतो तो भाग. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात तोंडात धरून नेतील, गवताला आग लागेल आणि पागा जळेल.

हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. राज्याभिषेकाला एक वर्ष उरलेलं, चारी बाजूंनी शत्रू, आणि हा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो आहे. कादंबऱ्यांतून मी महाराजांची शेकडो भाषणं वाचली होती. तलवारीची मूठ आवळणं, क्षितिजाकडे पाहणं, डोळ्यांत अंगार फुलणं. त्यांतलं एकही या उंदराएवढं खरं वाटलं नाही. राज्य चालवणारा माणूस असाच विचार करत असणार, हे माझ्यातल्या बँकेच्या कारकुनाला लगेच पटलं. चांगल्या ऐतिहासिक कादंबरीची माझी पहिली अपेक्षा आता ही आहे: तिच्यात असा उंदीर आहे का? गवताच्या गंजीपासून दिवा किती अंतरावर आहे, हे लेखकाला माहीत आहे का? मोहरांच्या राशी कुणीही लिहील. त्या साली जोंधळा काय भावानं होता, आणि निरोप साताऱ्याहून पुण्याला पोचायला किती वेळ लागे, हे ज्याला ठाऊक आहे त्याची माणसं आपोआप जमिनीवर चालू लागतात.

भाषेचंही तसंच. या प्रकारातलं सर्वांत अवघड काम तेच आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतली पात्रं फार संस्कृत बोलतात. कागद उघडले की वेगळंच ऐकू येतं: हुजूर, तजवीज, बंदोबस्त, रवानगी, दरकार. आमच्या पेटीतल्या कागदांवर तारीख लिहिली आहे ती सुहूर सनात. त्यातले आकडे अरबी. इसन्ने म्हणजे दोन, सलास म्हणजे तीन, सबैन म्हणजे सत्तर, मया व अलफ म्हणजे अकराशे. तिथीच्या जागी 'छ', म्हणजे चंद्र, आणि पुढे मुसलमानी महिना. खेड्यातला कुलकर्णी संध्या आटोपून यायचा, कागदावर वर 'श्री' लिहायचा आणि खाली अरबीत साल घालायचा. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, यावरूनच रोजच्या कारभारात फारसी किती मुरली होती ते कळतं. कादंबरीकारानं सगळं पत्रांच्या भाषेत लिहावं असं मी म्हणत नाही, वाचक दहाव्या पानावर थकेल. पण त्या भाषेचा कस ज्याच्या कानात आहे तो 'तजवीज' हा एक शब्द नेमक्या ठिकाणी ठेवतो आणि सगळं पान त्या काळात जातं. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये १९८८ साली मराठी वाचकानं ही बखरीची धाव पुन्हा ऐकली. त्या कादंबरीला इतके वाचक लाभले याचं निम्मं श्रेय मी या भाषेला देते.

ना. सं. इनामदारांकडे मी आयुष्यात उशिरा वळले आणि त्याची रुखरुख आहे. त्यांनी निवडलेली माणसं पाहा. 'झेप'मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे, 'मंत्रावेगळा'मध्ये खुद्द दुसरा बाजीराव, 'शहेनशहा'मध्ये औरंगजेब. तिघांवरही इतिहासानं एकेक शब्दाचा शिक्का मारून ठेवलेला. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्रिंबकजी आला तो १८१५ मध्ये पंढरपुरात झालेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनापुरता, एका ओळीत. ती ओळ कुणी लिहिली? इंग्रजांच्या कागदांनी. जिंकणाऱ्याचं दप्तर शाबूत राहतं आणि हरणाऱ्याचं विस्कटतं. तिथे कादंबरीकार उभा राहिला आणि म्हणाला, या माणसाची बाजू कुणी लिहून ठेवली नाही, म्हणून ती नव्हतीच असं नाही.

याच त्रिंबकजीची एक हकिकत मला फार आवडते, आणि ती कल्पित नाही. इंग्रजांनी त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहारा गोऱ्या शिपायांचा. किल्ल्यावरच्या एका साहेबाच्या घोड्याला खरारा करणारा मोतद्दार खिडकीखाली मराठीत गाणी म्हणायचा. त्या गाण्यांत सुटकेचा बेत होता: घोडं कुठे बांधलंय, माणसं कुठे दबा धरून आहेत. पहारेकऱ्यांना ते नुसतं गुणगुणणं वाटलं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. पुढे पुन्हा पकडला गेला आणि काशीजवळ चुनारच्या किल्ल्यात त्याला ठेवलं. तिथे १८२४ साली बिशप हेबर त्याला भेटला, आणि त्या गाण्याची हकिकत हेबरनंच लिहून ठेवली आहे. भाषा न कळल्यामुळे कैदी सुटतो, असा प्रसंग कादंबरीकारानं रचला असता तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. कागदानं सांगितलं म्हणून आपण मान डोलावतो. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला ही अडचण कायमची आहे. खरं घडलेलं पुष्कळदा अविश्वसनीय असतं, आणि त्यानं रचलेलं मात्र विश्वसनीय असावं लागतं.

आता 'ध'चा 'मा'. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हे सत्य. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं, हेही आपण मानतो. पण 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईनं केलं, एका अक्षरावर बोरू फिरवून केलं, ही गोष्ट ज्या कागदावर घडली असं म्हणतात तो कागद आज कुणापुढे नाही. तरी महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ती माहीत आहे. एखादी बाई दुष्ट आहे हे सांगायला आपल्या भाषेनं तिला कायमची ओळ दिली. मोडी शिकल्यावर मी घरी बसून ही दोन अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवली आहेत. अक्षर बदललं असेल-नसेल, मला त्यापेक्षा त्या बाईचं वाटतं. अडीचशे वर्षं ती एका अक्षरात कोंडली गेली आहे. सिंहगडाचंही असंच. तानाजी पडायच्या आधीच्या पत्रांत गडाचं नाव सिंहगड असं सापडतं. पण 'गड आला पण सिंह गेला' या उद्गारानं त्या नावाची जन्मकथा स्वतःकडे ओढून घेतली. तिथे कुणाचं नुकसान झालं नाही. आनंदीबाईच्या बाबतीत झालं. रिकाम्या जागेत लिहिताना लेखकाच्या हातात किती सत्ता असते, ते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं.

म्हणून 'श्रीमान योगी'च्या सुरुवातीला असलेलं नरहर कुरुंदकरांचं पत्र मला कादंबरीइतकंच मोलाचं वाटतं. रणजित देसाईंनी कादंबरी छापताना ते तसंच प्रस्तावना म्हणून घेतलं. साधनं कोणती विश्वसनीय, कुठली बखर कुठे घसरते, महाराजांच्या आयुष्यातल्या कुठल्या गाठी अजून सुटलेल्या नाहीत, हे कुरुंदकर लेखकाला खुलेपणानं लिहितात. लेखकानं ते सगळंच पाळलं असं नाही. कादंबरी शेवटी कादंबरीच्या वाटेनं गेली. पण वाचकाच्या हातात दोन्ही दिलं: इथे एवढं माहीत आहे, आणि इथून पुढे मी लिहितो आहे. असं सांगणारी ऐतिहासिक कादंबरी आपल्याकडे विरळाच. हल्ली कादंबरीतले संवाद महापुरुषाचं वचन म्हणून मोबाइलवर फिरतात, खाली सहीसारखं नाव, आणि कुणी 'हे कादंबरीतलं आहे' म्हटलं तर माणसं अंगावर येतात. माझ्या स्वतःच्या नात्यातल्या एका समारंभात यावरून दोन भावांनी जेवण अर्धवट टाकलेलं मी पाहिलं आहे. त्या दिवशी कुणी तरी शांतपणे कुरुंदकरांचं पत्र वाचून दाखवायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

एक आक्षेप मला आता पटू लागला आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या फार उंचावर राहतात. राजा, सरदार, राणी, फार तर कारभारी. वाड्याच्या दिंडीदरवाज्याबाहेर त्या क्वचित येतात. जुन्या लेखकांकडे तरी कल्पित मधली माणसं असायची, किल्लेदाराचा मुलगा, गडावरची पोर. इतिहासपुरुष मधूनमधून दिसायचा आणि म्हणून मोठा वाटायचा. पुढे चरित्रालाच कादंबरी करायची रीत पडली आणि ही मधली माणसं गेली. वेठीला धरलेला माणूस, पानिपतावर फौजेबरोबर गेलेल्या हजारो यात्रेकरू बाया, पागेत खरारा करणारा तो मोतद्दार, यांच्या बाजूनं पाहिलेला तोच इतिहास मला वाचायचा आहे. त्या मोतद्दाराचं नावसुद्धा मला माहीत नाही, पण त्याचं गाणं कसं असेल याचा मी कितीदा विचार केला आहे.

गेल्या वर्षी थेऊरला गेले होते. चिंतामणीच्या दर्शनाला रांग होती. माधवराव पेशव्यांचा शेवट याच आवारात झाला, १८ नोव्हेंबर १७७२ ला. वय सत्तावीस. क्षयानं झिजलेला हा माणूस जाण्याआधी कलमवार लिहून ठेवतो, आणि त्यात कर्ज फेडायचं कलम आहे. पुढे नदीकडे गेलं की रमाबाईंचं स्मारक लागतं. मी तिथे एकटीच होते. मुळा-मुठेचं पाणी काळसर, वास येत होता, पलीकडे ऊस. मला 'स्वामी'तली पानं आठवली, पण त्याहून जास्त आजी आठवली. रमाबाई काय बोलल्या, हे कुठल्या कागदावर नाही. माधवरावांच्या कर्जाची कलमं आहेत, तिच्या मनाची नाहीत. देसाईंनी तिथे लिहिलं, कोमल लिहिलं, आणि साऱ्या महाराष्ट्राला ते पटलं. पण त्या काठावर उभी असताना मला वाटलं, ते जरा जास्तच कोमल आहे. त्या बाईला भीती वाटली असेल. त्या भीतीचं एक पान हवं होतं. हे म्हणताना माझं 'स्वामी'वरचं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही. चौदाव्या वर्षी त्या पुस्तकानं मला थेऊरला नेलं नसतं, तर चौपन्नाव्या वर्षी मी तिथे जाऊन हे विचारलंच नसतं.

तिसरा रुमाल मी यंदाच्या पावसाळ्यात उघडला. त्यात बरेच कागद एकमेकांना चिकटलेले. सरांनी सांगितल्याप्रमाणे हाडाच्या पातळ पट्टीनं हळूहळू सुटे केले. एकामागून एक पावत्या, एक वाटपाचा कागद, आणि मग एक छोटं पत्र. कुणाचं ते कळत नाही, खालचा भाग गेला आहे. वर श्री. मग नमस्कार, येथील कुशल. चौथ्या ओळीत गोदूबाई हा शब्द इतका स्पष्ट लागला की मी पट्टी खाली ठेवली आणि उठून पाणी प्यायले. गोदूबाई यांचे मनात कृष्णास्नानास यावयाचे आहे, तरी. 'तरी'च्या पुढे वाळवीनं खाल्लेलं भोक आहे, करंगळी जाईल एवढं. त्याच्या पलीकडे ओळीच्या टोकाला फक्त 'जे' उरलं आहे.

येणे जे, की न येणे जे? पाठवणे जे? माझ्या वहीत मी ओळ उतरवून घेतली आहे. जे लागलं ते शाईनं लिहिलं आहे. भोकाच्या जागी कंस केला आणि आत, पेन्सिलीनं, तिला येऊ दिलं आहे.